‘जत’ पास, ‘केम’ नापास : टेस्ट चालवताना कोणते पर्याय द्यावेत

करमाळा तालुक्यातले केम हे दौंड–कुर्डुवाडी लोहमार्गावरचे गाव कुंकवासाठी महाराष्ट्रभर ओळखले जाते. अशा गावातल्या एखाद्या कुंकवाच्या कारखान्यासाठी बिले करणारा छोटा प्रोग्राम गावच्याच, सोलापूर-पुण्यात शिकलेल्या मुलीने पायथनमध्ये लिहिला आहे असे समजू. प्रोग्रामसोबत शंभरएक टेस्ट आहेत. ग्राहकाच्या गावाच्या रकान्यात नको ती चिन्हे येतात म्हणून एक तपासणी घालायची ठरते : नावात फक्त अक्षरे आणि अंक चालतील. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये यासाठी ‘\डब्ल्यू’ ही खूण सर्रास वापरली जाते, तीच इथे वापरली. नमुना म्हणून ‘जत’ हे नाव दिले, टेस्ट पास झाली. आता त्याच तपासणीला ‘केम’ द्या. नापास! पायथनच्या लेखी ‘केम’मध्ये तीन चिन्हे आहेत : क, त्यावरची मात्रा आणि म. त्यातल्या मात्रेला युनिकोड अक्षर म्हणत नाही, अक्षराला जोडून येणारी खूण म्हणतो. आणि ‘\डब्ल्यू’मध्ये अशा खुणा बसत नाहीत. त्यामुळे जत आणि नगर सुटतात. केम, जेऊर, करमाळा, सोलापूर सगळी अडकतात. मराठीत काना-मात्रा-वेलांटीशिवायची गावे किती असणार?

आता हा दोष कधी सापडतो ते पाहू. प्रोग्रामरने बदल केला आणि फक्त नावाच्या तपासणीची टेस्ट फाइल चालवली, तर सगळे हिरवे दिसते. बिल छापण्याच्या टेस्टमध्ये, म्हणजे वेगळ्याच फाइलमध्ये, पत्त्यात ‘केम’ असते, ती चालवली असती तर लगेच लाल झाली असती. टेस्ट लिहिलेली होती, बरोबर होती, दोष पकडायला समर्थ होती. फक्त टर्मिनलमध्ये टाइप केलेल्या त्या एका ओळीने तिला बाहेर ठेवले. म्हणूनच टेस्ट लिहिण्याइतकेच त्या चालवण्याच्या पर्यायांकडे लक्ष द्यायला हवे, असा या लेखाचा आग्रह आहे. प्रत्येक पर्याय हा टेस्टना विचारलेल्या प्रश्नाचा भाग असतो. ‘मी आत्ता हात लावलेला भाग चालतो का?’ हा एक प्रश्न झाला, ‘हा प्रोग्राम गिऱ्हाइकाला द्यायच्या लायकीचा आहे का?’ हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला लावणे हीच खरी चूक, आणि ती फार सहज होते, कारण दोन्ही वेळा पडद्यावर हिरवी ओळ सारखीच दिसते.

लेखात उदाहरणे मुख्यतः पायथनच्या ‘पायटेस्ट’ची घेतली आहेत. पर्याय उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलमध्ये ते रोमन अक्षरांत, आणि वेगळे सांगितले नसेल तर लहान लिपीत, टाइप करायचे.

काम चालू असताना प्रश्न अरुंदच हवा. एका फंक्शनमध्ये दोन ओळी बदलल्यावर दर वेळी सगळ्या टेस्टची वाट पाहायला लागली, तर माणूस टेस्ट चालवणेच सोडून देतो. म्हणून ‘-के’ हा पर्याय पहिला शिकावा : त्यापुढे दिलेला शब्द ज्यांच्या नावात आहे तेवढ्याच टेस्ट चालतात. ‘-एक्स’ पहिल्याच अपयशावर थांबतो आणि ‘--मॅक्सफेल=३’ तिसऱ्यावर. मोठ्या बदलानंतर एका मूळ दोषामुळे चाळीस टेस्ट कोसळतात तेव्हा चाळीस लांबलचक एरर वाचण्यात अर्थ नसतो, पहिली नीट वाचावी. ‘--एलएफ’, म्हणजे लास्ट फेल्ड, मागच्या वेळी नापास झालेल्याच टेस्ट पुन्हा घेतो. ‘--एफएफ’ त्यांना आधी घेतो आणि मग उरलेल्या सगळ्या चालवतो. या दोनांत माझे मत ‘--एफएफ’च्या बाजूने आहे. उत्तर तितक्याच लवकर मिळते आणि दुरुस्ती करताना दुसरीकडे काही मोडले असेल तर तेही त्याच फेरीत कळते. ‘--एसडब्ल्यू’, म्हणजे स्टेपवाइज, पहिल्या नापास टेस्टवर थांबतो आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरू होतो. खूप टेस्ट मोडलेल्या असताना एकेक निस्तरायला तो फार सोयीचा.

वीज जाण्याची धास्ती असलेल्या गावात आणखी एक गोष्ट माहीत हवी. नापास टेस्टची यादी पायटेस्ट प्रोजेक्टमधल्या एका कॅश फोल्डरमध्ये ठेवतो, पण ती लिहिली जाते फेरी संपताना. कंट्रोल-सी दाबून तुम्ही मध्येच थांबलात तर तो आवराआवर करून यादी लिहितो. डेस्कटॉपचा वीजपुरवठाच गेला तर लिहीत नाही. मग पुढच्या वेळी ‘--एलएफ’ त्या आधीच्या, जुन्या यादीवर चालतो आणि तुम्हाला वाटते की आत्ताचीच अपयशे तपासली. अशा खंडित फेरीनंतर एकदा पर्यायाविना सगळ्या टेस्ट चालवाव्यात. लांब फेरी फोल्डरवार तुकड्यांत चालवणे हाही उपाय आहे.

प्रश्न अरुंद केला की तो नेमका तुम्हाला हवा तोच विचारला गेला का, हे बघणे ओघाने आलेच. ‘-के’ शब्दाचा तुकडा शोधतो, पूर्ण शब्द नव्हे, आणि लहान-मोठ्या लिपीचा भेद करत नाही. कराच्या हिशेबाच्या टेस्ट निवडायला रोमनमध्ये ‘कर’ लिहिलेत तर ‘सरकारी ऑर्डर’ची टेस्टही त्यात येते, कारण तिच्या रोमन स्पेलिंगमध्ये तीच तीन अक्षरे ओळीने आहेत. जास्तीची टेस्ट चालल्याने बिघडत नाही. बिघडते ते उलट बाजूने : शब्द लिहिताना एक अक्षर चुकले आणि एकही टेस्ट निवडली गेली नाही तर? पायटेस्ट इथे प्रामाणिक आहे. शेवटच्या ओळीत तो किती टेस्ट वगळल्या ते सांगतो आणि ५ या एक्झिट कोडने बाहेर पडतो. ० म्हणजे सर्व पास, १ म्हणजे काही नापास, २ म्हणजे मध्येच थांबवले, ३ म्हणजे पायटेस्टच्याच आत बिघाड, ४ म्हणजे आदेशच चुकीचा, आणि ५ म्हणजे चालवायला टेस्टच मिळाली नाही. लिनक्सवर आदेश संपल्यावर लगेच ‘इको $?’ टाइप केले की हा आकडा दिसतो.

सगळीच साधने इतकी स्पष्ट नसतात. पायथनसोबत येणारे ‘युनिटटेस्ट’ वर्षानुवर्षे ‘० टेस्ट चालल्या’ असे छापून त्याखाली ‘ओके’ लिहीत असे आणि यशाचाच कोड देत असे. पायथन ३.१२ पासून तेही अशा वेळी ५ देते. ज्यांच्या सर्व्हरवर अजून जुने पायथन आहे त्यांना हे संरक्षण नाही. जावास्क्रिप्टच्या ‘जेस्ट’मध्ये टेस्ट सापडली नाही तर फेरी नापास होते, पण ‘--पास-विथ-नो-टेस्ट्स’ हा पर्याय कोणी कधीकाळी सोय म्हणून घालून ठेवला असेल तर तीच फेरी पास ठरते. गो भाषेत निराळी गोष्ट आहे : कोड बदलला नसेल तर ती आधीचा पास निकाल साठ्यातून काढून देते आणि ओळीच्या शेवटी कंसात ‘कॅश्ड’ लिहिते. डेटाबेस किंवा बाहेरची सेवा वापरणारी टेस्ट खरोखर पुन्हा चालावी असे वाटत असेल तर ‘-काउंट=१’ द्यावे लागते.

एक्झिट कोड वाटेत हरवतो हेही पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. निकाल पडद्यावरही दिसावा आणि फाइलमध्येही जावा म्हणून पायटेस्टच्या पुढे पाइपची उभी रेघ देऊन ‘टी’ हा आदेश जोडतात. आता संपूर्ण ओळीचा कोड हा ‘टी’चा असतो, पायटेस्टचा नव्हे, आणि ‘टी’ फाइल लिहून नेहमीच यशस्वी होते. दहा टेस्ट नापास झाल्या तरी पुढची स्क्रिप्ट खुशाल प्रोग्राम सर्व्हरवर चढवते. बॅश स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘सेट -ओ पाइपफेल’ ही एक ओळ लिहिली की हा धोका टळतो. तसेच ‘गिट बायसेक्ट रन’चे. दोष नेमक्या कोणत्या कमिटमध्ये शिरला हे शोधण्याचे हे अप्रतिम साधन आहे. पण ते फक्त कोड पाहते. ० म्हणजे चांगले, १२५ म्हणजे हे कमिट सोडून द्या, आणि १ ते १२७ मधले बाकी सगळे म्हणजे वाईट. जुन्या कमिटमध्ये तुमची टेस्ट फाइल अस्तित्वातच नसेल तर पायटेस्ट ४ देतो, बायसेक्ट त्याला दोष समजतो आणि एका निरपराध कमिटकडे बोट दाखवतो. त्यामुळे बायसेक्टला पायटेस्ट थेट देऊ नये. लहानशी स्क्रिप्ट लिहून तिच्यात ४ आणि ५ आले तर १२५ परत करावे.

मराठी मजकूर असलेल्या टेस्टसाठी निवडीचा आणखी एक अडथळा आहे. एकाच टेस्टला अनेक नमुने देण्याची ‘पॅरामीटराइझ’ ही सोय वापरून केम, जेऊर, करमाळा ही नावे देवनागरीत दिली, तर पायटेस्ट त्यांच्यावरून टेस्टची जी ओळख तयार करतो तिच्यात अक्षरांऐवजी युनिकोडचे आकडे येतात. निकालात ‘केम नापास’ असे दिसण्याऐवजी ०९१५, ०९४७, ०९२e अशा धर्तीचे सांकेतिक क्रमांक दिसतात, ‘-के’ने ती टेस्ट निवडणेही अवघड होते. उपाय सोपा आहे : डेटा देवनागरीतच ठेवा, पण प्रत्येक नमुन्याला ‘आयडीज’मध्ये रोमन नाव द्या. मग ‘--कलेक्ट-ओन्ली’ आणि ‘-क्यू’ मिळून टेस्ट न चालवता फक्त यादी मागितली की ती वाचता येते. निवड बरोबर झाली का हे पाहायला याइतका स्वस्त पर्याय दुसरा नाही.

इथवर अरुंद करणाऱ्या पर्यायांबद्दल झाले. काम संपवून कोड दुसऱ्याच्या हाती देताना मात्र उलटे धोरण हवे : निवडीचे सगळे पर्याय काढायचे आणि कडकपणाचे पर्याय घालायचे. साधनांची मूळची वागणूक बरीच सौम्य असते. टेस्ट वगळली गेली तरी फेरी पास धरली जाते, इशारा आला तरी पास, टेस्टवरच्या मार्करच्या स्पेलिंगमध्ये चूक असली तरी एक इशारा देऊन पास. ‘-आरएस’ दिला की वगळलेल्या टेस्ट आणि वगळण्याची कारणे शेवटी छापली जातात. सहा महिन्यांपूर्वी ‘तात्पुरती बंद’ म्हणून ठेवलेली टेस्ट अशीच नजरेस पडते. ‘--स्ट्रिक्ट-मार्कर्स’ने अनोळखी मार्कर एरर ठरतो. आणि ‘-डब्ल्यू एरर’, यातला डब्ल्यू मोठ्या लिपीतला, प्रत्येक इशाऱ्याला अपयश बनवतो.

या शेवटच्या पर्यायाचे मराठी प्रोग्रामसाठी खास महत्त्व आहे. पायथनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग सांगितले नाही, तर लिनक्स आणि मॅकवर बहुधा यूटीएफ-८ धरले जाते. विंडोजवर मात्र तिथली जुनी मूळ एन्कोडिंग धरली जाते, आणि आपल्याकडच्या बहुतेक विंडोज मशीनवर ती पाश्चात्त्य लिपीसाठीची असते. प्रोग्राम लिहिणारी पुण्यात लिनक्सवर काम करते, तिच्याकडे ‘कुंकू’ फाइलमध्ये व्यवस्थित उतरते. कारखान्याच्या कार्यालयात विंडोज. तिथे पहिलेच बिल सेव्ह करताना एन्कोड करता येत नाही अशी एरर येऊन प्रोग्राम बंद पडतो. लिनक्सवर हजार वेळा टेस्ट चालवल्या तरी हे दिसणार नाही, जोपर्यंत पर्याय बदलत नाही तोपर्यंत. पायथन ३.१० मध्ये नेमकी हीच सोय आली : पायथनला मोठ्या लिपीतल्या ‘-एक्स’पुढे ‘वॉर्न_डिफॉल्ट_एन्कोडिंग’ दिले की जिथे एन्कोडिंग लिहिलेले नाही तिथे तो इशारा देतो. त्याच्या जोडीला पायटेस्टला ‘-डब्ल्यू एरर::एन्कोडिंगवॉर्निंग’ (डब्ल्यू, तसेच एन्कोडिंग आणि वॉर्निंगचे पहिले अक्षर मोठ्या लिपीत) दिले की विंडोज मशीन जवळ नसतानाही ती टेस्ट लाल होते. पायथन ३.१५ पासून सगळीकडे यूटीएफ-८ हीच मूळ एन्कोडिंग करण्याचे ठरले आहे. पण गावोगावच्या कार्यालयांतली पायथन इतक्यात बदलणार नाहीत.

‘-डब्ल्यू एरर’वर आक्षेप येतो की इतरांच्या लायब्ररींतले इशारेही आपल्या फेरीला नापास करतात आणि आपल्याला ते दुरुस्त करता येत नाहीत. आक्षेप खरा आहे. पण त्यावर सगळे इशारे गप्प करणे हा उपाय नव्हे. आधी सर्वांना एरर ठरवावे आणि मग ज्या लायब्ररीचा त्रास होतो तिच्यापुरती सूट त्यानंतर लिहावी. नंतर दिलेला नियम आधीच्यावर मात करतो. सूट नावानिशी लिहिलेली असली म्हणजे ती कधी काढायची हेही लक्षात राहते.

टेस्टचा क्रम ही कडकपणाची पुढची पायरी. बिलाचा अनुक्रमांक वाढवणारी एक टेस्ट मागे ५ हा आकडा सोडून जाते आणि तिच्यानंतरची टेस्ट नकळत त्यावर विसंबते. फाइलमधल्या क्रमाने दोन्ही कायम पास होतात. एखाद्या दिवशी ‘-के’ने दुसरी एकटीच चालवली की ती नापास, आणि मग ‘माझ्याकडे चालते’ हा वाद सुरू होतो. इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली अपाची संस्थेच्या ५१ प्रकल्पांमधल्या २०१ दुरुस्त्या तपासल्या, तेव्हा बेभरवशाच्या टेस्टच्या तीन प्रमुख कारणांत क्रमावरचे अवलंबन होते. बाकीची दोन म्हणजे एखादे काम पूर्ण होण्याची नीट वाट न पाहणे आणि एकाच वेळी चालणाऱ्या कामांची टक्कर. गूगलने २०१६ साली स्वतःबद्दल सांगितलेले आकडे असे : एकूण निकालांपैकी सुमारे १.५ टक्के बेभरवशाचे, आणि जवळजवळ १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार असा दोष. एवढी साधनसामग्री असलेल्या कंपनीची ही स्थिती असेल तर शंभर टेस्टच्या प्रोजेक्टने आपण सुटलो असे समजू नये.

क्रम उलटसुलट करण्यासाठी पायटेस्टला ‘पायटेस्ट-रँडमली’ हे प्लगिन मिळते. जँगोमध्ये ४.० पासून ‘--शफल’ आणि त्याआधीपासून ‘--रिव्हर्स’ आहे, गोमध्ये १.१७ पासून ‘-शफल=ऑन’. नुसता क्रम उलटा करणारा ‘--रिव्हर्स’ सोडला तर या सर्वांत ज्या बीजाकड्यावरून क्रम ठरला तो छापला जातो, इंग्रजीत त्याला सीड म्हणतात. नापास फेरीचा सीड टिपून ठेवला की तोच क्रम पुन्हा मिळतो. सीड न टिपता फेरी पुन्हा चालवून ‘आता पास झाली’ म्हणणे, म्हणजे हाती आलेला पुरावा टाकून देणे. याच कारणाने नापास टेस्ट आपोआप दोन-तीनदा चालवणारा ‘--रीरन्स’ हा पर्याय कायमचा लावू नये. बाहेरच्या नेटवर्कवर अवलंबून असलेल्या मोजक्या टेस्टपुरता तो ठीक. संपूर्ण संचाला लावला तर दर पाच वेळांत एकदा चुकणारे बिल तुम्ही बरोबर म्हणून पास कराल.

घड्याळाबाबतही असेच करावे. गिटहबच्या सर्व्हरवर टेस्ट चालतात तेव्हा तिथले घड्याळ यूटीसीचे असते, आपले त्याच्यापुढे साडेपाच तास. भारतात १ एप्रिलला पहाटे दोन वाजता आलेली ऑनलाइन ऑर्डर यूटीसीत ३१ मार्चच्या रात्री साडेआठची ठरते, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षातली. जीएसटीच्या नियमांनुसार बिलाचा क्रमांक सलग आणि त्या आर्थिक वर्षापुरता एकमेव असावा लागतो. चुकीच्या वर्षाच्या मालिकेत गेलेला क्रमांक हिशेबनिसाला निस्तरावा लागतो. लिनक्स किंवा मॅकवर आदेशाच्या आधी त्याच ओळीत ‘टीझेड=यूटीसी’ (सगळे मोठ्या लिपीत) लिहून एकदा आणि ‘टीझेड=एशिया/कोलकाता’ (टीझेड आणि दोन्ही नावांचे पहिले अक्षर मोठ्या लिपीत) लिहून एकदा टेस्ट चालवा. दोन फेऱ्यांचा निकाल वेगळा आला तर प्रोग्राममध्ये कुठेतरी मशीनच्या घड्याळावर आंधळा विश्वास टाकलेला आहे, हे नक्की.

आता सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप : हे सगळे मोठ्या कंपन्यांचे सोपस्कार आहेत, एका कारखान्याच्या बिलांच्या प्रोग्रामला त्यांची गरज काय? एकच माणूस लिहिणार, तोच तपासणार, बटण दाबले की एडिटर टेस्ट चालवतो. पण छोट्या प्रोग्राममध्ये चुका छोट्या असतात असे नाही. कुंकवावर जीएसटी शून्य आहे, हळद पावडरीवर ५ टक्के. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर त्यातला अडीच टक्के केंद्राचा, अडीच राज्याचा. साडेचार हजार रुपयांच्या हळदीवर केंद्राचा वाटा ११२ रुपये ५० पैसे. कायद्याच्या कलम १७० नुसार कर जवळच्या रुपयात आणताना पन्नास पैसे किंवा त्याहून जास्त असतील तर वरचा रुपया धरायचा, म्हणजे ११३. पायथनच्या ‘राउंड’ला ११२.५ द्या, तो ११२ म्हणतो, कारण नेमक्या अर्ध्यावर तो जवळच्या सम संख्येकडे जातो. ४,५४० रुपयांच्या हळदीवर ११३.५० येतात, तिथे कायदाही ११४ म्हणतो आणि पायथनही. टेस्ट ४,५४० वर लिहिली असेल तर पास, ४,५०० वर लिहिली तर नापास. आणि दोन्ही लिहिलेल्या असतील तर तुम्ही कोणती चालवता यावर निकाल. उपाय माहीत आहे : डेसिमल वापरून ‘राउंड_हाफ_अप’ द्यायचे. पण उपायाची गरज आहे हे कळायलाच पूर्ण संच चालवावा लागतो. एकट्या माणसाला तर याची गरज जास्तच, कारण त्याचा कोड वाचणारे दुसरे डोळे नसतात. एडिटरचे बटणही आतून एक आदेशच चालवते. तो कोणते पर्याय देतो हे त्याच्या सेटिंगमध्ये उघडून पाहावे, कारण बऱ्याचदा ते बटण फक्त उघड्या फाइलपुरते चालते.

वेळ फार जातो, हा दुसरा आक्षेप. त्यावर आधी मोजावे. ‘--ड्युरेशन्स=१०’ सगळ्यात संथ दहा टेस्ट दाखवतो, आणि बहुतेक वेळा सगळा वेळ दोन-तीन टेस्टच खात असतात : कुठे विनाकारण झोप घेणारी ओळ असते, कुठे प्रत्येक टेस्टसाठी नव्याने बांधलेला डेटाबेस. ते दुरुस्त करून मगच ‘पायटेस्ट-एक्सडिस्ट’ प्लगिनचा ‘-एन ऑटो’ वापरावा, जो प्रोसेसरच्या कोअरच्या संख्येइतक्या प्रक्रियांत टेस्ट वाटून देतो. क्रमावर विसंबलेल्या किंवा एकाच फाइलमध्ये लिहिणाऱ्या टेस्ट इथे कोसळतात. तो या पर्यायाचा दोष नाही, तुमच्या टेस्टचा आहे. जँगोचा ‘--कीपडीबी’ डेटाबेस राखून वेळ वाचवतो; नवे मायग्रेशन तो जुन्या डेटाबेसवर लावतो, त्यामुळे रिकाम्या डेटाबेसवर ती सगळी धड चालतात का, हे मात्र त्यातून कळत नाही. काम करताना वापरा, शेवटच्या फेरीत नको.

काही जण म्हणतील, एवढे पर्याय लक्षात कोण ठेवणार, सगळे सेटिंगच्या फाइलमध्ये ‘अ‍ॅडऑप्ट्स’मध्ये लिहून टाकू. कडकपणाचे पर्याय तिथे जरूर लिहावेत, ते सर्वांना सारखेच लागू व्हायला हवेत. निवडीचे पर्याय तिथे लिहू नयेत. ‘संथ टेस्ट वगळा’ असे एकदा त्या फाइलमध्ये गेले की पुढे येणारा माणूस नुसते ‘पायटेस्ट’ टाइप करतो आणि आपण सगळे चालवले असे समजतो. आलेल्या प्रोजेक्टबद्दल शंका असेल तर ‘-ओ अ‍ॅडऑप्ट्स=’ पुढे रिकामे ठेवून एकदा चालवा आणि टेस्टची संख्या आधीशी ताडून पाहा.

दोन पर्यायांपासून मात्र शेवटच्या फेरीत पूर्ण दूर राहावे. मेव्हनचा ‘-डीस्किपटेस्ट्स’, ज्यात डी आणि ‘टेस्ट्स’चा पहिला टी मोठ्या लिपीतले, टेस्ट न चालवता जावाचे पॅकेज बांधतो. घाईच्या दिवशी तो स्क्रिप्टमध्ये जातो आणि तिथेच राहतो. जेस्टचा ‘-यू’ साठवलेले नमुनेच नव्या निकालाप्रमाणे बदलतो, म्हणजे चुकलेले बिल हेच बरोबर बिल म्हणून नोंदवले जाते. सर्व्हरवर जेस्टला ‘--सीआय’ द्यावे. मग तो नवे नमुने आपोआप लिहीत नाही.

तुमच्या प्रोजेक्टच्या ‘रीडमी’ फाइलमध्ये आज दोन ओळी लिहा : पहिली काम करताना चालवायची, ‘--एफएफ -एक्स’ असलेली, दुसरी कोड देण्यापूर्वीची, निवडीचा एकही पर्याय नसलेली, इशाऱ्यांना एरर ठरवणारी, क्रम बदलणारी. दुसऱ्या ओळीखाली आज किती टेस्ट चालल्या तो आकडाही लिहा. आणि गावाच्या नावाच्या टेस्टमध्ये ‘जत’च्या जोडीला ‘केम’ घाला.